मल्लेशची नसलेली म्हैस

साहेब, मल्लेशची म्हैस तुम्ही मारली.

आता तुम्ही म्हणणार, मल्लेश भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, त्याच्याकडं म्हैस कुठली? बरोबर आहे. त्याच्याकडं म्हैस कधीच नव्हती. शेळीसुद्धा नव्हती. तरी ती मेली, सगळ्या मिलनं तिचा दुखवटा पाळला, आणि तिच्या आडोशानं एक माणूस उन्हाळाभर बरा होत गेला. तो आडोसा तुम्ही पाडला. वर त्यालाच नोटीस दिली की, भर पाळीत मिल का बंद पडली याचा लेखी खुलासा कर. मल्लेशला खुलासा लिहिता येत नाही. त्याला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. म्हणून मी लिहितोय. त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही बाबा, आता लपवायला ऱ्हायलंय काय?"

तुम्ही मिलचं कामकाज वरच्या एसी केबिनच्या काचेतून बघता, त्यामुळं आधी मल्लेश कोण ते सांगतो. लातूरच्या बाजारातून आलेली तूर आपल्या मिलमध्ये डब्यांच्या पट्ट्यावर बसून वर जाते, त्याला आपण एलिव्हेटर म्हणतो. ती वर कुठं तुंबली की मल्लेश भिंतीच्या लोखंडी शिडीनं पार पत्र्याखाली चढतो आणि हातानं मोकळं करतो. शिरूर अनंतपाळचा गडी. खांद्यावर भरलेलं पोतं असताना कुणी हाक मारली तर पोतं न उतरवता गप्पा मारत उभा राहणारा. असल्या माणसाला काही होत असेल असं कुणाच्या मनात यायचं कारण नाही. तुमच्या मनात तर नाहीच.

तुमच्या मिलमध्ये पुरुषाला आजवर दोनच आजार मान्य होते, गरमी आणि गॅस. दोन्हींवर औषध एकच, गूळ. भुशानं छाती भरली, गूळ खा. कंबर धरली, गूळ खा. बायको बोलत नाही, दोन खडे जास्त खा.

मग पुण्याच्या कुठल्यातरी मोठ्या खरेदीदारानं अट घातली की, कामगारांच्या मनाची काळजी घेणाऱ्या मिलचीच डाळ घेणार. लगेच तुम्हाला आमच्या मनासाठी पान्हा फुटला. नमुन्याच्या डाळी ठेवायची खोली रिकामी झाली, निळा पडदा आला, दोन खुर्च्या आल्या, दारावर ‘मनमोकळं’ अशी पाटी आली. नांदेडहून एसटीनं सोमवारी आणि गुरुवारी मालविकाताई यायला लागल्या. मानसशास्त्र शिकलेल्या, वयानं आमच्या पोरींएवढ्या. तुम्ही आम्हाला उन्हात उभं करून भाषण केलं, "पुरुषालाही मन असतं. ते मोकळं करा."

हमालांचा मुकादम अण्णाराव माझ्या कानात म्हणाला, "मोकळं करायला आपुन काय पोतं हाय का?"

पहिल्या सोमवारी कुणी गेलं नाही. गुरुवारी डाळ निवडायच्या मशीनवरचा राजशेखर गेला, तेही अण्णारावनं पैज लावली म्हणून. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट वाळलेला होता. एप्रिल महिन्यात, आपल्या पत्र्याखाली, वाळलेला शर्ट! सगळे त्याच्याकडं भूत बघितल्यासारखं बघायला लागले.

"काय इचारलं रे बाईनं?"

"ते सोडा," राजशेखर हळूच म्हणाला, "आत एसी हाय."

पुढच्या सोमवारी ‘मनमोकळं’समोर दवाखान्यातसुद्धा लागत नाही एवढी रांग लागली. साहेब, तुम्ही वरून बघितलं आणि खूश होऊन फोटो काढला. तो फोटो थंड हवेच्या रांगेचा होता.

अडचण एकच झाली. आत बसायचं तर दुःख पाहिजे. मालविकाताई पाणी द्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "बोला, काय त्रास होतोय?" मग गडी गडबडायचा. म्हणून माझ्याकडं यायला लागले. मी वेळ मिळेल तसं कायबाय लिहितो हे मिलमध्ये माहीत आहे, त्यामुळं मला ‘लेखक’ म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. एका चहाला एक दुःख असा भाव ठरला. अण्णारावला मी मेव्हण्याशी अबोला दिला. राजशेखरला प्रेमभंग दिला. तो त्याला इतका आवडला की पोरीचं नाव बदलून बदलून त्यानं तोच वापरला. भट्टीवरचे गुरुपादप्पा मात्र म्हणाले, "आपुन लिंगायत, शरण मानूस, लिंगाची आन, खोटं बोलनार न्हाई." ते आत जाऊन डोळे मिटून गप्प बसले. ताईंनी त्यांना तसंच बसू दिलं. बाहेर येऊन आप्पा म्हणाले, "पोरगी चांगली हाय. गप बसाया येतंय तिला."

मल्लेश शेवटी आला. मान खाली.

"लेखक, मला बी कायतरी दे. सोपं दे."

"कसलं पाहिजे?"

"पाठ व्हईल असलं."

मी विचार केला. प्रेमभंग त्याला झेपला नसता. "म्हैस मेली म्हण. एवढंच म्हण आन् गप एसी खा."

"म्हैस मेली," त्यानं पाठ केलं आणि रांगेला गेला.

तो आत गेला आणि बाहेरच येईना. रांग कुरकुरायला लागली. "ए मल्लेश, म्हशीला जाळून आला का पुरून? बाहेर ये की!" मग आतून आवाज आला. हुंदका होता. मोठ्या माणसाचा, दाबून धरलेला, मधेच फुटलेला. रांगेनं कान टवकारले आणि अण्णारावनं दाद दिली, "आयला! हे तर नाटकातलं निघालं की!" मल्लेश लाल डोळ्यांनी बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. माझंच कथानक होतं.

पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर त्यानं मला बाजूला घेतलं.

"तू म्हशीचं नाव दिलंच न्हवतंस."

"नाव कशाला?"

"तिनं इचारलं की. मी म्हणलो चंद्री. तोंडाला आलं ते. मग म्हणली, चंद्री गेली तवा तुम्ही कुठं होता? आता मला काय सुचंना. म्हणलो, वर व्हतो. एलिव्हेटरवर. मग म्हणली, वर तुम्हाला काय झालं?" मल्लेशनं चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, तिथनं समदंच निघालं."

ते समदं काय होतं ते आता ऐका. संक्रांतीपासून तो वर गेला की त्याची छाती आवळायची. हाताला घाम सुटायचा, पाय दुसऱ्याचे वाटायचे, कानात शिट्टी वाजायची. आता मरणार, इथंच, असं वाटायचं. तो पाइपाला मिठी मारून उभा राहायचा आणि खालून आपण ओरडायचो, "झोपलास का रे?" त्यानं गुपचूप छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आणली. पट्टी चांगली होती. डॉक्टर म्हणाला, गॅस आहे.

"घरी वहिनीला सांगितलंस का?"

"मंजुषाला सांगितलं तर ती रडल. अण्णारावला सांगितलं तर तो हसल. मला दोन्ही नको व्हतं."

"मग ताई काय म्हणल्या?"

"म्हणली, ह्या तकलीफीला नाव हाय. घाबरा झटका म्हणतेत, इंग्रजीत पॅनिक अटॅक का कायतरी. लई जणांला व्हतं. गडी मानसं गॅस म्हणून सांगतेत, एवढंच. बरं व्हतंय म्हणली, पर यायला लागल." त्यानं कप परत उचलला. "आन् म्हणली, म्हैस न्हवती हे मला कळलंय. पर ऱ्हाऊ द्या. लोकांला सांगायला बरी हाय."

म्हणजे साहेब, ताईंना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. मी दिलेल्या दुःखांतलं एकही त्यांना पचलं नव्हतं. पण थंड हवेला आलेला माणूस कधी ना कधी खरं बोलतो, एवढा हिशेब त्यांनी केला होता. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तो केला नव्हता.

मग मल्लेश दर सोमवारी आणि गुरुवारी जायला लागला. बाकीचे आलटून पालटून जात, हा एकटा चुकत नसे. कुणी विचारलं की म्हणायचा, "म्हशीचं दुःख हाय, लवकर सरंना." आत तो श्वास हळू सोडायला शिकत होता. ताईंनी सांगितल्याप्रमाणं मिल बंद असताना अर्ध्या शिडीपर्यंत चढायचा, तिथं थांबायचा, भीती येऊन गेली की उतरायचा. मी खाली उभा राहून कुणी येतंय का बघायचो. पुढच्या वेळी जरा वर. त्याच्या पुढच्या वेळी आणखी जरा वर.

आणि मिलनं चंद्रीला डोक्यावर घेतलं! तुरीची चुनी आपल्याकडून जनावरांना जाते, तर अण्णाराव रोज मूठभर चुनी कागदात बांधून मल्लेशच्या डब्याशेजारी ठेवायचा. "चंद्रीला निवद." राजशेखरनं खताच्या कॅलेंडरवरची म्हैस कापून ‘मनमोकळं’च्या दारावर चिकटवली, खाली लिहिलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि हार घातला. गुरुपादप्पा हसून हसून खोकले. सगळ्यांनी तेराव्याचं जेवण मागितलं. एके दिवशी मल्लेशनं पेढ्याचा पुडा आणला, सगळ्यांपुढं धरला आणि सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "घ्या. चंद्रीच्या दुधाचं शेवटचं हाय."

मिल हसून आडवी झाली. मी हसलो नाही. मल्लेशनं जन्मात पहिल्यांदा विनोद केला होता. त्याच दिवशी तुंबलेलं एलिव्हेटर त्यानं वर जाऊन मोकळं केलं होतं, आणि कुणालाही न कळता, न थरथरता खाली आला होता. शिडीवरून उतरताना त्यानं माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवली.

आणि नेमके तेव्हाच तुम्ही मध्ये पडलात.

पुण्याचे तपासनीस येणार म्हणून तुम्ही ताईंकडं किती जण येतात त्याचा आकडा मागितला. नावं त्यांनी दिली नाहीत, देणारही नव्हत्या. आकडा दिला. तो बघून तुम्हाला घाम फुटला, आपली अख्खी मिल दुःखी! खरेदीदार काय म्हणेल? असल्या रडक्या मिलची डाळ कोण घेणार? मग तुम्ही आम्हाला पुन्हा उन्हात उभं केलं.

"शुक्रवारी पाहुणे येणार आहेत," तुम्ही म्हणालात. "तोपर्यंत सगळ्यांनी बरं व्हायचं आहे. मला मिलमध्ये एकही दुःखी माणूस दिसता कामा नये."

अण्णारावनं मागून विचारलं, "साहेब, गुरुवारी संध्याकाळपर्यंत दुःखी ऱ्हायलं तर चालल का?"

तुम्ही म्हणालात, "दुपारपर्यंत." तुम्हाला तो विनोद वाटलाच नव्हता. तुम्ही मनापासून सवलत दिली होती.

शुक्रवारी पाहुण्यांनी राजशेखरला थांबवून विचारलं, "काही ताण, काही दुःख?" तो छाती काढून म्हणाला, "न्हाई सर. साहेबांनी मना केलंय." तुमच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासारखा झाला. तरी पाहुण्यांनी निळ्या पडद्यापुढं फोटो काढले, पेढे खाल्ले, अट पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि गेले.

सोमवारी मल्लेश धुतलेला शर्ट घालून ‘मनमोकळं’च्या दारात उभा राहिला. आत दोन माणसं एसी खाली उतरवत होती. तो तुमच्या केबिनला बसवायचा होता, तुमचा जुना नीट गार करत नव्हता म्हणे. खुर्च्या गेल्या. नमुन्याच्या डाळी परत आल्या. ताईंना निरोप गेला होता, गरज पडली तर कळवू.

मल्लेश तुमच्याकडं आला. आम्ही बाहेर ऐकत होतो.

"साहेब, ताई कवा येनार?"

"कशाला रे?"

मल्लेशला खोटं येत नाही आणि खरं बोलवत नव्हतं. त्याच्याकडं एकच वाक्य होतं. "साहेब, म्हैस..."

"अरे, मेली ना ती? उन्हाळा गेला तिला मरून! दुसरी घे!" तुम्ही हसलात. केबिनमधले सगळे हसले. बाहेर आमच्यातलेही दोघे-चौघे हसले. तो विनोद आमचाच होता, तुम्ही फक्त शेवटचा दगड घातला. मल्लेश म्हणाला, "हाव साहेब," आणि कामावर गेला. त्या दिवसापासून त्याच्या डब्याशेजारची चुनी तशीच पडून राहायला लागली.

आणि मग तो दिवस, ज्याचा तुम्ही खुलासा मागताय.

बाजारातून आलेल्या तुरीचा ढीग लागला होता. एलिव्हेटर तुंबलं. मल्लेश चढला. वर पोचला, हात घातला, आणि थांबला. मला खालून त्याची पाठ दिसत होती. पाइपाला मिठी मारलेली. मशीनचं बटण माझ्याच हाताशी असतं, ते दाबून मी सगळं बंद केलं. मिल मी बंद केली साहेब, मल्लेशनं नाही. पुढची नोटीस माझ्या नावानं काढा.

एकदम शांतता झाली तशी माणसं जमली. राजशेखर तोंडाभोवती हात धरून ओरडला, "काय मल्लेशदादा, वरून चंद्री दिसायली का?" सगळे फिदीफिदी हसले. मल्लेश वळला नाही. त्याचे पाय हलत होते. पँट हलताना खालून दिसत होती.

"गप बसा रे!" मी ओरडलो. "त्याला खरंच व्हायलंय!"

"काय व्हायलंय?"

मी ताईंना फोन लावला. त्या नांदेडच्या स्टँडवर होत्या, मागून कंडक्टरच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. मी फोन शर्टाच्या खिशात घातला, आवाज मोठा केला आणि शिडी चढलो. मला उंचीची सवय नाही. मी वर जाताना खाली बघितलं नाही आणि वरही बघितलं नाही. मल्लेशच्या चपलेपाशी पोचलो तेव्हा खिशातून ताई बोलायला लागल्या.

"मल्लेशभाऊ, मी मालविका. काही करू नका. उतरायचं नाही आत्ता. फक्त श्वास सोडा, हळू, डाळीवर फुंकर मारता तशी."

वरून एक तुटकी फुंकर ऐकू आली.

"हे आलंय तसं जाणार आहे. आधीही गेलंय. तुम्हाला माहितीये. गेलंय की नाही?"

आणखी एक फुंकर, मग आवाज आला, "हाव ताई. गेलंय."

"मग थांबा त्याच्यासाठी. घाई नाही. माझी बस पण लागलेली नाही अजून."

मल्लेश हसल्यासारखा झाला. मग त्याचा एक पाय खालच्या दांडीवर आला. मग दुसरा. मी खाली, तो वर, ताई खिशात, असे आम्ही तिघं उतरलो. खाली बघतो तर अण्णारावनं दोन्ही हातांनी शिडी धरलेली. ती शिडी भिंतीत सिमेंटनं बसवलेली आहे, साहेब. हत्तीनं ओढली तरी हलायची नाही. तरी तो जीव एकवटून धरून उभा होता आणि त्याच्या मिशीवर घाम होता.

कुणी हसलं नाही. गुरुपादप्पांनी मल्लेशला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. राजशेखर खाली मान घालून म्हणाला, "मल्लेशदादा, मला काय म्हाईत रे..." मल्लेश म्हणाला, "तुला कसं म्हाईत असंल? मी म्हैस म्हणलो व्हतो की."

मग अण्णाराव माझ्याजवळ आला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "लेखक, तू मला त्यो मेव्हण्याचा अबोला दिल्तास न्हवं? त्यो खराच हाय. तुला कसं कळलं?"

मला काही कळलं नव्हतं, साहेब. मी अंदाजानं लिहिलं होतं. पण तो एक बोलल्यावर बाकीचेही बोलायला लागले. एकाला झोप नाही. एकाला जिना चढताना दम लागतो आणि तो चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून थांबतो. एकानं डॉक्टरकडं जायला सुट्टी मागितली तेव्हा तुम्ही त्याला म्हणाला होतात, गडी आहेस की बाई? त्या दिवशी मिल बंद होती तेवढा वेळ ‘मनमोकळं’ सुरू होतं. एसी नव्हता. पडदा नव्हता. पोत्यांवर बसून, भुशात, उकाड्यात. तुम्ही तुमच्या काचेतून बघितलंत आणि तुम्हाला वाटलं, कामचुकार बसलेत.

हा झाला खुलासा. तुमच्या नोटिशीत आणखी एक ओळ आहे की, मल्लेशनं सोमवारपासून नेहमीसारखं चढावं, जमत नसेल तर काम सोडावं. मल्लेश काम सोडणार नाही. त्याची पोरगी सृष्टी अकरावीला आहे, क्लासला जाते आणि त्याला दुसरं काम येतही नाही. त्याला चढायचंच आहे. तो चढू शकतो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याला फक्त आठवड्यातून दोनदा एका माणसाशी खरं बोलायचं आहे, आणि ते माणूस तुम्ही नांदेडला परत पाठवलंत.

एसी तुमच्या केबिनलाच राहू द्या. खुर्च्या राहू द्या, आम्ही पोत्यांवर बसू. सोमवारी पाळी सुरू होईल तेव्हा आम्ही सगळे शिडीपाशी उभे असू, अण्णारावसकट, आणि तुमचं उत्तर आल्याशिवाय मल्लेशला वर जाऊ देणार नाही. गोलगोल बोलू नका, गरज पडली तर कळवू असलं काही सांगू नका.

मालविकाताई सोमवारी येणार की नाही?